हनुवटीवरच्या बासऱ्या

टोपलीतली निम्मी पर्सिमॉन सोलून झाली होती. सोललेली फळं लगेच सुतळीला बांधून ओसरीत वाळत टांगली नाहीत तर काळी पडतात, म्हणून तोकिए भराभर सुरी चालवत होती. तेवढ्यात शाळेतून मुख्याध्यापक उओझुमि यांचा फोन आला. चिकट हातानंच तिनं तो घेतला.

सकाळच्या तालमीत तिसरीची मुलं किती शांत होती, असं ते कौतुकानं म्हणाले. पुढच्या आठवड्यातल्या संगीत संमेलनात अगदी तसंच करायचं. मुलांनी बासऱ्या हनुवटीला लावून नुसती बोटं चालवायची, सूर ध्वनिमुद्रणाचा लावू. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची तक्रार नको.

"मग मुलं तरी कशाला हवीत, सर?" तोकिए म्हणाली. "खुर्च्यांवर बाहुल्या बसवा. त्या खोकणारसुद्धा नाहीत."

बाई दमल्या असतील, असं काहीतरी पुटपुटून साहेबांनी फोन ठेवला. तोकिएनं हात धुतले, टोपलीवर फडकं टाकलं आणि कोट चढवला.

तोकिए नागामिने डोंगरापलीकडून लग्न होऊन या गावात आली आणि जन्मभर शाळेत संगीत शिकवत राहिली. निवृत्त झाली तरी शाळेला दुसरं कुणी मिळेना, म्हणून तासापुरती पुन्हा जायला लागली. तिसरीतल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा ती उभी प्लास्टिकची बासरी येते, रेकॉर्डर. ती वाजवायला शिकवणं हे तिचं काम. मुलं तिला पाठीमागून चिमटाबाई म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. वाजवून झालं की ती एकेकाची बोटं धरून उलटी करून बघे. बोटाच्या पेरावर भोकाचा पुरता गोल उमटला असेल तर भोक नीट झाकलं होतं. अर्धचंद्र दिसला की हवा गळत होती. मग ते बोट चिमटीत धरून ती जागेवर दाबून बसवी. शाबासकी कुणाला दिलेली कुणी ऐकली नव्हती. एकदा एक आई सांगायला आली, की तुमच्या तासाला आमची मुलगी रडते. तोकिए म्हणाली, रडताना श्वास पोटातून येतो, तेवढाच फायदा.

पण एक गोष्ट होती. आठवडेच्या आठवडे नुसत्या किंकाळ्या आणि शिट्ट्या निघाल्यावर एखाद्या पोराच्या बासरीतून अचानक स्वच्छ सूर येई. ते पोर मग वाजवायचं थांबून बासरीकडेच बघत राही, हे आपल्या आतून आलं यावर विश्वास न बसल्यासारखं. तेवढ्यासाठी तोकिए या वयात थंडीवाऱ्यात सायकल मारत शाळेत जात होती. आणि यंदा ते एकाही मुलाच्या वाट्याला आलं नव्हतं.

कारण होती तिची नणंद. हात्सुएचं घर शाळेच्या भिंतीला लागून. खरं तर ते तोकिएचं सासर; पण तोकिएचा नवरा नोकरीपायी वेगळा राहिला, आणि हात्सुएनं घरजावई नवरा करून घर आणि घराचा देव्हारा दोन्ही सांभाळलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो नवरा आता अंथरुणाला खिळलेला होता. हात्सुएनं शाळेत तक्रार केली आणि साहेबांचा हुकूम निघाला: आधी खिडक्या लावा, मग फुंकूच नका.

फुंकण्याआधी बासरीचं टोक हनुवटीला टेकवायचं, तोंडानं "तू, तू" म्हणत बोटं चालवायची, ही नवशिक्यांची जुनीच रीत. ती चार मिनिटांची असते. यंदा सबंध शरद ऋतू तेवढंच झालं. तोकिए चढ्या आवाजात "हनुवटी" म्हणे आणि साऱ्या बासऱ्या एका झटक्यात हनुवटीला लागत. हुकूम मोडणं तिच्या रक्तात नव्हतं. संमेलन जवळ आलं की फुंकू देतील, मग दिवसरात्र एक करून सूर काढून घेऊ, असा तिचा हिशेब होता.

आज सकाळी तालमीला साहेब स्वतः मागे उभे राहिले. आज फुंकायला हरकत नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. तोकिएनं हात वर केले. साऱ्या वर्गानं बासऱ्या उचलल्या आणि हनुवटीला लावल्या. बोटं अशी चालली की एक चूक नाही. आवाज मात्र नाही. ती ओठ दाखवून दबक्या आवाजात म्हणाली, "ओठांना लावा." पुढच्या रांगेतल्या मुलीनं घाबरून बासरी हनुवटीत आणखी रुतवली. गाणं संपेपर्यंत खोलीत फक्त बोटांची टपटप होती. साहेबांनी मागून टाळ्या वाजवल्या.

फोननंतर तोकिए तडक नणंदेच्या दारात गेली. हात्सुएनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"वन्सं, तक्रार करायची होती तर माझ्या तोंडावर करायची," तोकिए म्हणाली.

"तुमच्या तोंडाला कोण लागणार, वहिनी? दादा जन्मभर लागला नाही."

"मुलांची तोंडं बंद केलीत तुम्ही."

"मी?" हात्सुए हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "दुपारी यांचा जरा डोळा लागतो तेव्हा नको, एवढंच म्हटलं होतं मी. तुमच्या साहेबांनी सगळं दुकानच बंद केलं. त्यांच्या डोक्याचा ताप गेला, माझ्या नावावर खपवून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून ऐकता तुम्ही? दादाच्या वेळी उदबत्ती आडवी ठेवा म्हणून किती सांगितलं, सगळ्या भावकीसमोर."

तोकिएचे कान तापले. या घराच्या पंथात उदबत्ती मोडून राखेवर आडवी ठेवतात; तिच्या माहेरी उभी खोचतात. नवऱ्याच्या अंत्यविधीला तिनं ती उभी खोचली होती. चुकून नव्हे, मुद्दाम. त्यानंतर ती या घराची पायरी चढली नव्हती.

आतून आजारी माणसाचं कण्हणं ऐकू आलं. हात्सुएनं मागे बघितलं, मग बाजूला झाली. "आलाच आहात तर आधी दादासमोर बसा. मग काय ते बोला."

देव्हाऱ्यात अमिदा बुद्धाची सोनेरी मूर्ती, तिच्या बाजूला नवऱ्याला मरणानंतर दिलेलं धर्मनाव लिहिलेली पट्टी. सकाळचा भाताचा नैवेद्य उतरवून भांडं घासून पालथं ठेवलेलं; यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि याचाच तोकिएला जास्त राग आला. तिनं उदबत्ती पेटवली, क्षणभर धरून ठेवली आणि राखेत उभी खोचली.

हात्सुएनं ती उपसली, मोडून दोन तुकडे केले आणि आडवी ठेवली.

"त्यांना चालली असती माझी," तोकिए म्हणाली.

"त्याला तुमचं सगळंच चालायचं. म्हणूनच लवकर सुटला."

तोकिएनं हात जोडले आणि नामस्मरण पुरं केलं. एक अक्षर चुकलं नाही. उठताना तिनं नणंदेकडे न बघता विचारलं, "भावोजी सकाळी जागे असतात?"

"अंग पुसून झालं की असतात. जेवणापर्यंत."

"मग तेव्हा फुंकू."

"फुंका. खिडक्या लावून. आणि आता शाळेत फोन करते तो त्या पोरांसाठी. तुमच्यासाठी म्हणून समजू नका."

"माझ्यासाठी असता तर मी नको म्हटलं असतं."

हात्सुएनं पाठ फिरवून तिथूनच साहेबांना झापलं. मी काय बोलले आणि तुम्ही काय केलंत, माझं नाव पुढे करून पोरांना मुकं कशाला करता, असं बरंच काही. मग फोन तोकिएच्या हातात कोंबला. साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, की तसं असेल तर ध्वनिमुद्रणाचं राहू द्या. पण संगीताचे तास सगळे दुपारचे, सकाळचा तास हवा तर शिक्षकांनी आपापसात अदलाबदल केली तरच जमेल.

चहा कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी तो प्यायला गेला नसता. तोकिए दारात बूट घालत होती तेव्हा हात्सुए म्हणाली, "पहिले चार दिवस कान फुटतील ना?"

"फुटतील," तोकिए म्हणाली. "कापूस आणून ठेवा."

सकाळचे तास सुगिनाका मास्तरांच्या व्यायामाचे होते, आणि ते आपला तास बापालाही देत नसत. शाळा सुटायच्या आत त्यांना गाठून उद्याचा तास मागायला तोकिए व्यायामशाळेकडे निघाली.