मयुरीनं निवडलेले पाच सिनेमे

धुळ्याच्या देवपुरातले अभिमन पाटील चौतीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धागा लांब, मध्यम की आखूड ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे मशीन आलं, तरी मालक आधी अभिमन नानांना विचारायचा आणि मग मशीनला. असा पारखी माणूस, पण गेले सहा-सात महिने एकुलत्या एका लेकीच्या आवाजात काय आहे ते त्याला काही केल्या उमगत नव्हतं, आणि त्या काळजीनं तो पार अर्धा झाला होता.

लेक मयुरी जळगावला दिलेली. धुळ्याहून जळगाव म्हणजे काही साता समुद्रापार नाही, एसटीनं अडीच तास. जावई हेमराज पाइपच्या कारखान्यात, सासू धुरपदाबाई रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या. माणसं चांगली होती. दिवाळीत मयुरी नवऱ्याच्या मोटारसायकलवर येऊन एक दिवस राहून जायची, चेहऱ्यावर हसू असायचं. पण नानांची बायको इंदिराबाई गेली तेव्हापासून ती आखाजीला काही आली नव्हती.

खान्देशात दिवाळी सगळ्यांची, आखाजी मात्र लेकीबाळींची. अक्षय्य तृतीयेच्या आधी दोन दिवस गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि कुठल्याही सासूला त्यांना बोलवून घ्यायची हिंमत होत नाही. इंदिराबाई गेली त्या वर्षी घरात सुतकाची छाया होती, त्यामुळे सण झाला नाही. दुसऱ्या वर्षी नानांनी फोन केला, "सवड असेल तर ये गं, घर तुझंच आहे." मयुरी म्हणाली, "बघते नाना." तिसऱ्या वर्षी पुन्हा तोच फोन आणि तेच उत्तर.

त्या तिसऱ्या आखाजीच्या संध्याकाळी तिचाच फोन आला. नाना एकटे बसून भिंतीकडे बघत असतील हे तिला ठाऊक असावं. ती म्हणाली, तुम्ही आयुष्यात कापसाशिवाय काही पाहिलं नाही, आता दर रविवारी एक सिनेमा बघायचा. मी सांगेन तो. संध्याकाळी सहाला फोनवर बोलायचं, आणि पुढच्या आखाजीला दोघांनीही वर्षातले आपापले आवडते पाच सांगायचे. पुढच्याच आठवड्यात तिनं हेमराजच्या हाती टीव्हीला लावायची एक डबी पाठवली, आणि कुठलं बटण कशाचं ते कागदावर लिहून दिलं.

नानांना आधी हा पोरखेळ वाटला. सिनेमे कुठल्याकुठल्या देशांतले, भाषा कळायची नाही, आणि खालची अक्षरं वाचून होईपर्यंत पुढची आलेली असायची. म्हणून ते शनिवारी एकदा नुसते चेहरे बघायचे आणि रविवारी अक्षरांसकट पुन्हा बघायचे. जिनिंगमधली प्रतवारीची एक कोरी वही घरात पडून होती, तिच्यात प्रत्येक सिनेमाला ग्रेड द्यायचे. विहीर खोदणाऱ्या दोन भावांचा सिनेमा, लांब धागा. एका राजाचा अडीच तासांचा सिनेमा, आखूड धागा, कचरा जास्त. मयुरी फोनवर हे ऐकून इतकी हसायची की धुरपदाबाई मागून विचारायच्या, काय झालं म्हणून.

पावसाळा असा मजेत गेला. दसऱ्यानंतर कुठंतरी ते हसणं कमी झालं. नानांनी ग्रेड सांगितली की ती "हं" म्हणायची. एकदा तिनं विचारलं, "शेवट कसा वाटला नाना?" आणि नाना सांगायला लागले तर पलीकडून काहीच आवाज नाही. फोन कट झाला असेल म्हणून त्यांनी दोनदा हॅलो हॅलो केलं. ती म्हणाली, ऐकतेय. आवाज ओला होता. नानांनी विचारलं, सर्दी झालीय का? ती हो म्हणाली.

त्या दिवसापासून नानांनी सिनेमा बघणं सोडलं आणि सिनेमात मयुरीला शोधणं सुरू केलं. पडद्यावर कुणी बाई खिडकीत उभी राहिली की ते वहीत लिहून ठेवायचे. डिसेंबरात लागोपाठ दोन सिनेमे असे आले की त्यांत बाई बॅग भरते. झालं! नानांची झोप उडाली. पोरगी घर सोडायच्या विचारात आहे, तोंडानं सांगता येत नाही म्हणून सिनेमातून सांगतेय, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. त्यांनी काहीतरी निमित्त काढून हेमराजला फोन केला, हवापाण्याच्या दहा गोष्टी केल्या आणि शेवटी हळूच विचारलं, "मयुरी बरी आहे ना, जावईबुवा?" हेमराज म्हणाला, बरी आहे की, काल तर बँकेत जाऊन आली. बँकेत कशाला गेली असेल, हा नवा घोर लागला.

शेजारचे रुपचंद, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, रोज सकाळी ओट्यावर चहाला असायचे. नानांनी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. रुपचंद साधा माणूस. ते म्हणाले, "इचारी ले ना तिले. फोन तुना हातमा शे."

विचारायचं तर होतं. पण विचारलं आणि ती रडली, तर पुढे काय करायचं ते नानांना ठाऊक नव्हतं. रडणाऱ्या पोरीशी बोलायचं खातं इंदिराबाईचं होतं. ती असताना नानांनी मयुरीला "जेवलीस का" याच्या पलीकडे कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता साठी उलटल्यावर ते कुठून शिकणार? दर रविवारी पावणेसहालाच ते फोन पुढ्यात घेऊन बसायचे. फोन वाजला की पहिली दोन वाक्यं ते नुसता आवाज ओढून बघायचे, कुठे तुटतोय का ते. हाताला काही लागायचं नाही.

अशा रीतीनं सत्तेचाळीस सिनेमे झाले आणि आखाजी चार दिवसांवर आली. रविवारी सहाला मयुरीनं आपले पाच सांगितले. नानांनी ते वहीत एकाखाली एक लिहून घेतले. तिच्या पाचांत बॅग भरणारी एकही बाई नव्हती, त्यामुळे नानांच्या जिवात जरा जीव आला. पण विहीर खोदणारे भाऊही नव्हते. नानांना जे मध्यम वाटले होते, तेच तिनं पहिले धरले होते. आता आपले पाच सांगू का, असं त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, "आखाजीला सांगा ना नाना." थोडं थांबून म्हणाली, "ठेवते." आणि ठेवला.

नानांना तो "ठेवते" फार लागला. रात्र तळमळण्यात गेली. सकाळी ओट्यावर चहा थंड होत होता तरी त्यांचं लक्ष नव्हतं. रुपचंदची बायको ताईबाई उंबऱ्यात बसून सांजोऱ्या लाटत होती. तिच्या दोन्ही लेकी उद्या यायच्या होत्या, धाकट्या पोराला आणायला पाठवायचं ठरलं होतं. रुपचंद म्हणाले, एवढं काय आहे त्या सिनेमांत, सांग तरी.

नाना वही उघडून सांगू लागले. पहिला, बर्फाच्या मुलखातला एक मेंढपाळ. बहीण डोंगरापलीकडे दिलेली, तर हा बर्फ तुडवत तीन दिवस चालत तिला आणायला जातो. दुसरा आसामातल्या नावाड्याचा. होस्टेलवरून घरी निघालेली एक पोर अजून पोचली नाही म्हणून हा बाबा भरलेली नाव तासभर धक्क्यावर थांबवून ठेवतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. तिसऱ्यात अंध मुलांची शाळा. शनिवारी सगळ्यांचे आईबाप येऊन मुलांना घेऊन जातात, एक पोरगं पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं राहतं, आणि दिवेलागणीला त्याचा बाप पंक्चर झालेली सायकल ढकलत येतो. चौथा, एक कारकून छत्री घेऊन रोज स्टेशनावर पाहुणीला घ्यायला जातो. पाचवा आपला मराठीच, विनोदी. वऱ्हाडाची बस एका म्हाताऱ्या काकाला ढाब्यावर विसरते आणि लग्न थांबवून सगळं वऱ्हाड त्याला आणायला मागे फिरतं. तो बघताना नाना पोट धरून हसले होते. मयुरीनं मात्र तो दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा रडले म्हणून सांगितलं होतं. ढाब्यावर बसलेल्या काकासाठी रडण्यासारखं काय आहे, हे नानांना त्या वेळी कळलं नव्हतं.

रुपचंद म्हणाले, भारी आहेत. ताईबाईचं लाटणं मात्र थांबलं होतं. तिनं त्यांतला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

"भाऊ," ती म्हणाली, "बठ्ठा शिनेमामा कोणी ना कोणी लेवाले येस. तुम्ही मयुरीले लेवाले कोणले धाडं?"

नानांनी वही मिटली.

लेकीला आखाजीला आणायला मुराळी जातो, भाऊ नाहीतर मामा. मुराळ्याशिवाय आखाजीला आपल्या पायानं माहेरी निघालेली लेक म्हणजे माहेरी तिचं कुणी उरलं नाही, असंच जुनी माणसं समजतात. मयुरीला भाऊ नव्हता. इंदिराबाई होती तोवर ती होळीपासूनच आपल्या भावाच्या मागे लागायची आणि मामा वेळेवर जळगावला हजर व्हायचा. ते सगळं इंदिराबाईनं इतकं गुपचूप केलं होतं की नानांना पोरगी आपोआप येते असंच वाटत राहिलं. ती गेली, मामाचे गुडघे गेले, आणि नाना फोनवर म्हणाले, सवड असेल तर ये. शिकलेली पोरगी, एसटी दारात, तिला आणायला कशाला जायला हवं? आणि ती तरी तोंडानं कशी मागणार? मूळ, म्हणजे न्यायला येणारं माणूस, मागून घ्यायचं नसतं, ते पाठवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं नाना निघाले. ताईबाईनं सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला होता, तो त्यांनी मांडीवर धरला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. तीन वर्षं उशीर झाला होता. ती नाही म्हणाली तर? आता कशाला आलात म्हणाली तर? एकदा तर एरंडोलच्या स्टँडवर उतरून परत फिरावं असंही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

दार धुरपदाबाईंनी उघडलं. नानांनी वाटेत चार शहरी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरली. इंदिराबाईचा भाऊ दरवर्षी या दारात काय म्हणत असेल, तेवढंच तोंडून आलं.

"मी मयुरीले लेवाले वनू."

धुरपदाबाई दारातून बाजूला झाल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "या ना भाऊ. तीन सालं झाली, लोकायले काय सांगावं ते मले समजत नव्हतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, सुटका होती. सून आखाजीला माहेरी का जात नाही, हा प्रश्न गल्लीनं त्यांनाही विचारला होता.

मयुरी आतल्या दारात उभी होती. हातात ओलं फडकं होतं. नानांना बघताच ती झटकन आत गेली. नानांना वाटलं, संपलं. त्यांनी डबा कुठं ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात हेमराज आतून एक निळी बॅग घेऊन आला आणि ती त्यांच्या पायाशी ठेवली. बॅग भरलेली होती.

"दरवर्षी भरते, नाना," तो हळू आवाजात म्हणाला. "आखाजीच्या चार दिवस आधी. आणि आखाजी झाली की सगळं काढून पुन्हा कपाटात लावते. मी म्हटलं, मी सोडतो गाडीवर. तर म्हणायची, तसं नाही जायचं."

नानांनी बॅगेकडे पाहिलं. त्यांना बॅगेपुढे खाली बसावंसं वाटलं, पण जावयाच्या घरी ते बरं दिसलं नसतं. डिसेंबरापासून ते सिनेमातल्या बॅगांना घाबरत होते, आणि ही बॅग त्यांच्याच घराकडे तोंड करून भरली जात होती. "चुकलो मी," एवढंच ते म्हणाले, हेमराजला की बॅगेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मयुरी लग्नातली मोरपंखी साडी नेसून बाहेर आली. डोळे लाल होते. सासूच्या पाया पडली. नाना बॅग उचलायला गेले तर म्हणाली, जड आहे, आणि नानांनी ती दिली नाही. जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. त्यांनी काहीही विचारलं नव्हतं, तरी मयुरी थांबली आणि म्हणाली, "माझे वडील आलेत, आखाजीला न्यायला." खाली इस्त्रीवाल्यालाही तिनं तेच सांगितलं. रिक्षावाल्यालाही सांगितलं.

गाडी जळगावच्या बाहेर पडली तेव्हा कंडक्टर मशीन घेऊन आला. नाना खिशात हात घालत होते. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं?

"धुळे," मयुरी म्हणाली. "मला माझे वडील न्यायला आले होते."

कंडक्टरनं एकदा तिच्याकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "एक फुल, एक महिला."