त्याचा नंबर पळत राहिला

हरवलेल्या माणसाने शर्यत पूर्ण केली, असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही आधी कुणाला जाब विचाराल: पोलिसांना, की त्याच्याबरोबर पळणाऱ्यांना?

मी काळेवाडीतल्या कामगारवस्तीत वाढले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. कंपनीच्या गेटवर वाटायची युनियनची पत्रकं वडील जेवण झाल्यावर घडी घालायला बसायचे, आणि त्या पत्रकांवरच बोट ठेवून मी वाचायला शिकले. ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘करवत’च्या आधी वाचता यायचे. पळायला मात्र उशिरा लागले. नोकरी लागली, पाठ दुखायला लागली, आणि एका मैत्रिणीने ओढत पळणाऱ्यांच्या क्लबात नेलं.

आमचा क्लब म्हणजे आयटीतली मंडळी, कंपनीतले फिटर, दोन शिक्षिका, एक दूधवाला. वर मास्तर. मास्तर इथल्याच जुन्या गावातले. त्यांची शेती कंपन्यांत गेली, ते स्वतःही त्यातल्याच एका कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झाले. पहाटे शिट्टी घेऊन उभे राहतात आणि पासष्टी ओलांडूनही आमच्यातल्या निम्म्यांना मागे टाकतात.

क्लबाची एक रीत आहे. पावसाळा संपता संपता सगळ्या हंगामाची नोंदणी एकदम करायची. रस्त्यावरच्या शर्यती, हाफ मॅरेथॉन आणि शेवटी शेताडीतली क्रॉस कंट्री. छातीवर लावायचे नंबर, म्हणजे बिब, मास्तरांकडे येतात. त्यावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं आणि मागे वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते. शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत मास्तर ते वाटतात. कुणी आला नाही, तर त्याचं बिब जो हजर असेल त्याला. “नंबर निजवायचा न्हाई,” असं मास्तर म्हणतात. कारण ज्या क्लबाचे जास्त लोक शर्यत पूर्ण करतात, त्याला ढाल मिळते. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

आमच्यात एक जण सरावाला कायम सर्वांच्या मागे पळायचा. लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कंत्राटी हेल्पर. उजवा खांदा जरा पाडून पळायचा. त्याला जोरात पळता येत होतं, पण तो मुद्दाम शेवटी राहायचा आणि ओरडायचा, “चला चला, मी हाय मागं!” त्यामुळे अंधारात मागे पडलेल्याला कधी भीती वाटायची नाही. माझ्यासारख्या बाईमाणसाला तर मुळीच नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तो दुसऱ्या पाळीला गेला आणि परत आला नाही.

फोन आत न्यायला बंदी, म्हणून फोन घरी बायकोपाशी असायचा. गेटवर सांगितलं, पाळी संपवून बाहेर पडला. कंत्राटदार म्हणाला, कामावर येत नाही, मी दुसरा लावला. म्हणजे माणूस नाहीसा झाला आणि कारखान्याचं एक मशीनसुद्धा थांबलं नाही. बायकोने पोलिसांत तक्रार दिली. आम्ही काय केलं? त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं आली. त्याखाली रविवारच्या सरावाची वेळ आली.

मग हंगामातली पहिली शर्यत. थंडी पडली होती. रस्त्याच्या अर्ध्या भागात आम्ही, उरलेल्या अर्ध्यातून कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या. आतले दिवे बंद, काचांना टेकलेली झोपलेली डोकी. मी बरीच मागे पडले होते, तरी सारखं वाटत होतं की माझ्या मागे कुणीतरी पळतंय. पावलांचा आवाज नीट येत होता. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा, प्लॅस्टिकचे केशरी शंकू आणि पाण्याच्या टेबलापाशी पेंगणारी एक पोरगी. मी पुढे पळाले. पावलं परत सुरू झाली.

पुढच्या सरावाला त्याची बायको मैदानावर आली. आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून सरळ माझ्याकडेच आली. हातात त्याचा फोन.

“ताई, तुमी पळत हुता ना त्या दिवशी? हे दिसले न्हाईत का तुमाला?”

“कोण?”

“हे ओ.” तिने फोन पुढे केला. त्याचं पूर्ण नाव, अभिनंदन, आपण शर्यत पूर्ण केली, आणि पुढे लागलेला वेळ. “पळालेत बगा. जित्ते हायेत.”

आम्ही सगळे गोळा झालो. आयटीतला एक जण घसा खाकरून म्हणाला, “वहिनी, सिस्टिमची चूक असेल.”

“सिस्टिमला त्यांचं नाव कसं काय ठावं?”

मी मास्तरांकडे वळले. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

“मास्तर, त्याचा नंबर कुणाला दिलात?”

“अंधारात वाटलं गं समदं. ध्यानात न्हाई.”

मी एकेकाला विचारलं. एकेक जण नाही म्हणाला. दूधवाल्याने तर गळ्याची शपथ घेतली. वर म्हणाला, “ताई, मी माझा नंबर घेऊन पळताना मरतो, दुसऱ्याचा कुठं उचलू!” कुणीतरी हसलं. बायको हसली नाही. ती आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होती, जणू आम्ही त्याला कुठेतरी लपवून ठेवलंय.

डिसेंबरात हाफ मॅरेथॉन झाली. मेसेज परत आला. वेळ जवळपास तोच, जो तो शर्यतीत नेहमी घ्यायचा. आमच्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय, असं मी तोवर धरून चालले होते. त्या दिवशी माझी खात्री डळमळली. भुताखेतांवर विश्वास ठेवू नकोस, असंच आमच्या घरात शिकवलेलं. तरी मी सराव सोडून दिवसा, रहदारीत, शाळकरी पोरांच्या मधून पळायला लागले.

आणि बायको? ती तो पहिला मेसेज घेऊन आनंदाने चौकीत गेली होती. तिथला साहेब म्हणाला, “पळतोय की मस्त! घरी यायचं नाही, एवढंच. सज्ञान माणूस आहे बाई, आम्ही काय बांधून आणायचा?” शोध तिथेच थांबला. हे सगळं ती मला ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता सांगत होती.

“दुसरी केली असंल तर करू द्या,” ती म्हणाली. “जित्ते असू द्या.”

जानेवारीत चाकणजवळच्या निघोजे गावाबाहेर क्रॉस कंट्री होती. नदीवरून आलेलं धुकं पिकं काढलेल्या रानात साचलं होतं. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, पण दिसत नव्हत्या. नुसता रंगाचा उग्र वास आणि कुठूनतरी वाजलेला भोंगा. ढेकळांतून पळायचं, बंद पडलेल्या खडी फोडायच्या मशीनला वळसा घालून त्याच वाटेने परत यायचं. म्हणजे पुढे गेलेले लोक समोरून येताना दिसतात. धुक्यात आधी पाय दिसायचे, मग छातीवरचा पांढरा चौकोन, आणि अगदी शेवटी चेहरा.

एक चौकोन जवळ आला. त्यावर त्याचं नाव होतं.

उजवा खांदा पाडलेला. डोक्याला माकडटोपी, डोळ्यांपुरती उघडी. मी त्याच्या नावाने हाक मारली. तो थांबला नाही, वळला नाही. माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या श्वासाची वाफ मला लागली. भूत नव्हतं. मी तिथूनच उलटी फिरले. शर्यत गेली खड्ड्यात. धुक्यात तो मला कधी दिसत होता, कधी नुसताच ऐकू येत होता, आणि मी त्याच्या मागे हरवलेल्या माणसाचं नाव ओरडत होते. समोरून येणारे पळणारे बाजूला होऊन माझ्याकडे बघत होते. शेवटी बांधावर त्याचा पाय अडखळला. मी टोपी ओढली.

मास्तर.

“सोड,” ते म्हणाले. “ओरडू नगंस.”

“तुम्ही? आणि खांदा का पाडलात?”

“त्याच्यासारखं पळलं की त्याच्याइतकाच टाइम लागतो.” ते बांधावर बसले. त्यांचा स्वतःचा नंबर टी-शर्टच्या आत लावलेला होता. “पयल्यांदा ढालीसाठी केलं, खोटं न्हाई बोलत. मग ती पोरगी आली, फोन दावला. तिचं त्वांड बघितलंस ना तू? म्हनलं, नंबर बंद केला तर तिचा मानूस मीच मारल्यासारखं व्हईल. मलाबी वाटायचं, नंबर पळतोय तवर त्यो हाय.”

“तुमच्या या पळण्यामुळे पोलिसांनी शोध थांबवलाय.”

“काय?”

“पळतोय ना, मग आहे, असं म्हणून थांबवलाय. पहिल्या शर्यतीपासून कुणी त्याला शोधत नाहीये, मास्तर. कुणीच.”

त्यांनी छातीवरच्या त्या बिबाच्या सेफ्टी पिना एकेक करून काढल्या. धुक्यातून शर्यत पूर्ण करणाऱ्यांची नावं पुकारलेली ऐकू येत होती, आणि तेव्हा मला एकदम उमगलं की आम्ही कुठे बसलो आहोत. चाकणच्या कारखान्यांतून मध्यरात्री दुसरी पाळी सुटल्यावर, बस फक्त कायम कामगारांना असल्यामुळे, कंत्राटी माणसं याच रानातून चालत हायवेला जातात. वाट त्याच खडीच्या मशीनजवळून जाते. मशीनच्या मागे दगडाची खाण आहे. खाणीत पाणी आहे. आमचा सगळा क्लब त्या सकाळी त्याच्या शेवटच्या वाटेवरून टाळ्या घेत पळाला होता.

त्याच दुपारी मास्तर आणि मी तिच्या घरी गेलो. बोलले मास्तर. “त्यो मी हुतो पोरी,” एवढंच म्हणाले. तिने हातातला फोन पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी कशाला धरलं ओ त्यांना?” मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणूस मोकळा होतो. पत्रकांत तसंच लिहिलेलं असायचं. तिच्याकडे त्याचे दोन मेसेज होते, आणि ते आम्ही काढून घेतले होते.

पण तीच आधी उठली. डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या. “चला. साहेबाला सांगा हे,” ती मास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी चौकीत जबाब दिला. साहेब त्यांच्यावर खेकसला, मग खाणीचं नाव ऐकून लिहायला लागला. या वेळी तक्रार हलली. खाणीत गळ टाकले, काही मिळालं नाही. आता पाणी उपसायचं म्हणताहेत, पण खाण कुणाच्या हद्दीत यावरून अडलंय. ती दर सोमवारी चौकीत जाते. एकटी गेली की साहेब मीटिंगमध्ये असतात. बरोबर चार माणसं असली की साहेब भेटतात. क्लबातले काही जण आता सराव सोडून तिच्याबरोबर जातात. बाकीचे म्हणतात, क्लबाला यात ओढू नका. त्यांना मी इथूनच सांगते: क्लब यात पहिल्या शर्यतीपासून आहे.

आणि तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही पळत असा किंवा नसा, तुमच्या गल्लीत, तुमच्या चाळीत, कामावरून न परतलेल्या माणसाची वाट पाहणारं घर असेल. तिथे या आठवड्यात जा. फोटो पुढे पाठवू नका, हात जोडल्याचं चित्र टाकू नका. त्या घरातली बाई चौकीत जाईल, तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसा, आणि साहेब येईपर्यंत उठू नका.