फ्लेक्सवर छापलेला पूल

खांदा कॉलनीच्या चौकात फ्लेक्स लागला तेव्हा आमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, अजून लिहून व्हायचा होता. फ्लेक्सवर दोन दीर्घिका, मध्ये लालभडक पट्टा आणि शेजारी आमच्या विभागप्रमुख सरांचा हात जोडलेला फोटो. 'पनवेलच्या सुपुत्राने शोधला दीर्घिकांमधला तप्त पूल.' खाली दहा शुभेच्छुक. त्यांतल्या एकानेही डेटा पाहिला नव्हता. सरांनीही नव्हता.

डेटा पाहत होते मी. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताना त्यांच्यातला वायू आदळतो, तापतो आणि एक्स-रे सोडतो. ते हवेतून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशात. तो लाल पट्टा मला तिच्या डेटात दिसला आणि मी उत्साहाने लगेच सरांना दाखवला. ती माझी चूक.

मग मी तो नीट मोजला. फारच सरळ होता. वायू फुटपट्टी लावून पसरत नाही. एका दीर्घिकेच्या केंद्रात भयंकर तेजस्वी ठिपका होता. कॅमेरा चित्र रांगेरांगेने वाचतो, तेवढ्यात अशा ठिपक्याचा प्रकाश रांगभर सांडतो. त्याला स्ट्रीक म्हणतात. तपासणं सोपं असतं. त्याच दीर्घिकांचं दुसऱ्या ऋतूतलं जुनं निरीक्षण संग्रहातून काढायचं. तेव्हा कॅमेरा वेगळ्या कोनात असतो. खरा पूल जागेवर राहतो, स्ट्रीक कॅमेऱ्याबरोबर फिरते.

काढलं. पट्टा फिरला होता.

"ते जुनं निरीक्षण पेपरमध्ये घ्यायलाच हवं का?" सर म्हणाले.

"सर, पूल नाहीये."

"रेफरी विचारेल तेव्हा बघू. रविवारी सत्कार आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय ना?"

रेफरी म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा बाहेरचा शास्त्रज्ञ. सरांच्या मते प्रामाणिकपणा हे त्याचं खातं.

पेपरवरून माझं नाव काढा, असं मी लिहून दिलं. सरांनी मला थेट आमच्या कॉलेजचे ट्रस्टी असलेल्या दादांपुढे उभं केलं. दादांच्या घरची पूर्वी मिठागरं होती, आता ते जमिनीचे व्यवहार करतात.

"पोरगी उगाच घाबरतेय, दादा."

मी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवली. दादांनी चष्मा लावला.

"दोनी एकाच जागंची हायेत?"

"हो."

"मग पट्टा का फिरला?"

"कॅमेरा फिरला म्हणून."

दादा सरांकडे वळले. "सर, आमी जमिनीची मोजणी दोन बाजूंनी करून घेतो. दोनी वेळंला हद्द तिथंच आली, तर खरी. तुमी एका बाजूनं मोजून बोर्ड लावलात?"

"दादा, विज्ञानात थोडं वेगळं..."

"पूल हाय का नाय, तेवढं सांगा."

सर उठून पंख्याचं बटण शोधू लागले.

"नाय," दादाच म्हणाले.

पेपर रद्द झाला. सत्कार मात्र झाला. शाल मिळाली 'प्रदीर्घ विज्ञानसेवेबद्दल'. जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते वाढवायची शिफारस विभागप्रमुख करतात, ट्रस्टी नव्हे.

फ्लेक्स पुढे मला तळोज्यात दिसला, एका बांधकामावर मजुरांच्या झोपडीवर ताडपत्री म्हणून बांधलेला. त्याने आयुष्यात केलेलं पहिलं खरं काम.

या क्षेत्रात येणाऱ्यांना एवढंच सांगेन. पहिलं चित्र सरांना दाखवू नका. आधी दुसऱ्या ऋतूतलं काढा.