मोठे बाबांनी मागितलेलं इंजेक्शन

मोठे बाबांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी नाही म्हटलं.

आज सकाळी ते गेले. सिंदी गावातल्या घरी, चहा व्हायच्या आधी.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शामरावजी. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. मूठभर कापूस हातात घेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, कितव्या वेचणीचा.

मी पुण्यात एका लॅबमध्ये अँटी-एजिंग पेप्टाइडवर काम करते. शरीरातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण मरत नाहीत. काम शून्य, वर शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. आमचं पेप्टाइड नेमकं त्यांनाच गाठून संपवतं.

निदान उंदरांमध्ये तरी.

दोन दिवाळ्यांआधी मी फुशारकीने व्हिडिओ दाखवला. टक्कल पडलेला म्हातारा उंदीर. मग तोच, अंगभर केस आलेला, चाकावर पळतोय.

मोठे बाबा लगेच म्हणाले, "म्हंजे कवडी वेचून काढता तुमी."

कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. मूठभर राहिला तरी अख्ख्या ढिगाचा भाव उतरतो. इतकं सोपं मला माझ्या गाईडलाही सांगता आलं नव्हतं.

मोठीमाय, त्यांची बायको, तेव्हा अंगणात वाती वळत बसली होती. तिला आता कोणीच आठवत नाही. मी तिला नर्सबाई वाटते. ओळखते ती फक्त मोठे बाबांना, जेवतेही त्यांच्याच हातून.

जिनिंगकडून उडालेला कापूस अंगणात तरंगत होता. तिच्या पांढऱ्या केसांत उतरला की कापूस कुठला आणि केस कुठले, कळत नव्हतं. ती दुपार संपूच नये असं वाटत होतं.

"मले लाव ते इंजेक्शन," मोठे बाबा हळूच म्हणाले.

मी हसले.

"हसू नोको. मले शंभर वर्षं नाई पायजे. हिच्यापेक्षा एक दिवस जास्त पायजे. नाई त हिले कोन भरवन?"

"माणसांवर ट्रायल नाही झाली अजून. जिवावर बेतेल, मोठे बाबा."

"जीव त तसाई जाऊन राह्यला."

नाही दिलं मी. बरोबरच केलं, पुन्हा विचारलं तरी हेच करीन. पण तो व्हिडिओ दाखवायची काय गरज होती? आज स्वतःचाच भयंकर राग येतोय.

कारण त्यांनी आस सोडली नाही. दर रविवारी फोन. आधी "उंदीर कसे हायेत?" आणि मग "तू कशी हायेस?"

मागच्या रविवारीही मी म्हटलं, मजेत आहेत.

"बरं हाये बाप्पा त्यायचं," म्हणाले.

मिळेल ते विमान पकडून दुपारी पोचले तर ओसरीवर बायका रडत होत्या. शामरावजी गेले, शामरावजी गेले. मधोमध मोठीमाय, शांत.

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती सगळं विसरली, एवढं नाही विसरली.

सगळ्यांवर खेकसली, "नाव नोका घेऊ वो त्यायचं! आंघोळीले गेले, येतच असतीन."

आज आमची चूल बंद. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणून दिला. मी मोठीमायपुढे घास केला. तिने तोंड फिरवलं.

"त्यायले येऊ दे."

मोठे बाबा, सावकाश जा. मी ताट घेऊन बसले आहे.