आमच्या शाळेतला एक जून

"मॅडम, तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" असं मला लोक विचारतात. अहो, एकाच स्टाफरूममध्ये एकाच खिडकीपाशी बावीस वर्षं बसून पाहा! किस्से आपोआप साचत जातात. हसण्यासारखे होते ते आम्ही तेव्हाच हसून संपवले. आता उरलेत ते असे, की सांगताना हसू येतं आणि सांगून झालं की हसल्याचं वाईट वाटतं.

मी जळगावची, नोकरी धुळ्यात. हायस्कूलला मराठी शिकवते. आमच्या शाळेत सात जणांचा वाढदिवस एकाच दिवशी, एक जूनला! योगायोग वगैरे काही नाही. त्या काळी खेड्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवायचं? पोराला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" आईबाप एकमेकांकडे बघायचे. गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. इतिहासाचे भिरूड सर, गणिताच्या सोनवणे मॅडम, शिपाई यशवंतभाऊ आणि आणखी चौघं, सगळे असेच रजिस्टरमध्ये जन्मले.

* * *

भिरूड सर गेटजवळच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचे. कुठला राजा कधी गादीवर बसला, कुठलं जहाज कधी बुडालं, सरांना सगळं पाठ.

एका एक जूनला आम्ही ॲडमिशनच्या कामाला आलो होतो. सरांनी फळ्यावर लिहिलं, "आजच्या दिवशी राज्यातली पहिली एसटी धावली. आज जागतिक दूध दिन. आजच आपल्या शाळेतील सात जणांचा जन्म."

पोरीला घेऊन आलेल्या एका पालकाने ते दोनदा वाचलं आणि यशवंतभाऊंना विचारलं, "सातही जण एकाच आईचे का हो?"

यशवंतभाऊ पिंपळनेरकडचे, बोलणं अहिराणी. ते शांतपणे म्हणाले, "नही भाऊ. बठ्ठा सात जण एकच मास्तरना शेतस!"

* * *

पुढे सगळी माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली. त्यासाठी एक तरुण ऑपरेटर आला. तीन नावं भरून झाल्यावर त्याने हात थांबवला. "मॅडम, सिस्टीममध्ये एरर आहे. सगळ्यांना एकच तारीख पडतेय."

"एरर सिस्टीमची नाही, आमचीच आहे," सोनवणे मॅडम म्हणाल्या. "भर तू."

"एकदोघांची बदलून बघू का?" तो गमतीने म्हणाला.

यशवंतभाऊ चहाचा ट्रे घेऊन तसेच पुढे आले. "मनी तारीख बदल! मी दिवायीमा जन्मेल शे!"

आम्ही हसलो. ते मात्र हसले नाहीत. ऑपरेटरचं काम आटपेपर्यंत ते खुर्चीमागे उभे होते.

* * *

त्यांचं वर्षही चुकीचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की पोर शाळेत घालायच्या वयाचं झालं असं धरत. यशवंतभाऊ चार वर्षांचे असताना थोरल्या भावाबरोबर सहज शाळेत गेले होते. गुरुजींनी त्यांचाही हात डोक्यावरून घेऊन बघितला. लागला कानाला! गुरुजींनी सहा वर्षं लिहिली.

रिटायर व्हायच्या दिवशी, शाळेला सुट्टी असूनही, शेवटची घंटा देऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, हात लांब होते म्हणून दोन वर्षं आधी घरी चाललो."

मी हसले. काहीतरी बोलायला हवं होतं.

* * *

यशवंतभाऊ, सोनवणे मॅडम आणि भिरूड सर एकाच दिवशी रिटायर झाले. तिघांना मिळून एकच समारंभ! सुट्टी असल्यामुळे एकही विद्यार्थी नव्हता. नवे हेडसर येऊन जेमतेम महिना झालेला. त्यांनी भाषणात भिरूड सरांच्या गणिताचं आणि सोनवणे मॅडमच्या इतिहासाचं तोंड भरून कौतुक केलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

सोनवणे मॅडम भिरूड सरांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सर, तारीख खोटी, विषयही खोटा. निदान नारळ तरी खरा आहे का बघा!"

* * *

गेल्या वर्षी यावलला एका लग्नाला गेले होते, तिथून फैजपूरला भिरूड सरांकडे जाऊन आले. सर सांगत होते, "आख्ख्या जगाच्या तारखा शोधल्या मॅडम, माझी तेवढी राहिली. आई आखाजीच्या सणाच्या आसपासचं काहीतरी सांगायची. दर सुट्टीत वाटायचं, पंचांग घेऊन तिच्याजवळ बसू, नीट विचारू. पण पेपर तपासायचे असायचे, इलेक्शनची ड्यूटी असायची. आता तिला काही आठवत नाही. मलासुद्धा ओळखत नाही."

आई ओट्यावर बसल्या होत्या. नव्वदीच्या पुढच्या. सर वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "रोज एकदा विचारून बघतो," मला म्हणाले. मग आईकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आई, मुलाचा जन्म कधीचा?"

आईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग सरांच्या चष्म्याकडे. घाईघाईने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"गुरुजी, तुमाले बरा वाटीन तो दिवस लिहा. पोरगं हुशार हाये माह्यं. फक्त त्याले मारू नका."