अस्तर गळलं तो दिवस

काकू प्रयोगशाळेत लागल्या त्या सशांच्या खोलीत. पिंजरे झाडायचे, चारापाणी बघायचं आणि एखाद्या औषधाची चाचणी संपली की मान खाली घालून रिकामा पिंजरा धुवायचा. पुढे तिथल्या संशोधक मॅडमनी सशांऐवजी पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायचं काम सुरू केलं, तेव्हा काकू आपणहून गेल्या. "मला शिकवाल?" मॅडमनी शिकवलं.

काम असं होतं. बोटभर लांबीची, रबरासारखी मऊ चिप. तिच्यात एकाखाली एक अशा दोन बारीक वाटा आणि मध्ये चाळणीसारखा पडदा. त्या पडद्यावर माणसाच्या आतड्याच्या पेशी वाढवायच्या, म्हणजे तिथे आतड्यासारखंच अस्तर तयार होतं. वरून निळ्या रंगात मिसळून औषध सोडायचं. अस्तराला इजा झाली, तरच निळा रंग खाली उतरणार.

काकूंचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "म्हणजे तूही अस्तरच लावतेस की! तुझं बरंय, कपडा घट्ट झाला म्हणून गिऱ्हाईक भांडायला येत नाही."

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना मात्र हे सगळं पोरखेळ वाटे. "आतडी सोलवटतात म्हणून बंद पडलेलं एक जुनं औषध आहे. ते तुमच्या चिपनं पकडून दाखवा. नाहीतर मी नवे ससे मागवतो."

काकूंचा जीव टांगणीला लागला. औषध सोडलं. अस्तर ढिम्म! खाली निळ्याचा टिपूसही नाही. एरवी अस्तर टिकलं की दोघी खूश व्हायच्या. आज ते गळायला हवं होतं. साहेब सशांची मागणी नोंदवायला निघून गेले. काकूंना ते फार लागलं.

दुपारी काकू जेवणाचा प्लास्टिकचा डबा रागारागानं घासत होत्या.

"अहो काकू, किती घासाल? तेल मुरलंय त्यात, आता जन्मात..." मॅडम बोलता बोलता थांबल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मॅडम, आपली चिप तर...?"

"मेलीनं औषध पिऊन टाकलं! पेशींच्या वाट्याला आलंच नाही!"

चिपमधून बाहेर पडलेलं पाणी तपासलं, तर त्यात औषध जवळजवळ नव्हतंच. साहेबांनी कुरकुरत शेवटची संधी दिली.

आता चिप घेतली कडक, काही न शोषणारी. पण तिच्यात पेशी धरेनात. एवढासा बुडबुडा शिरला तरी अख्खं अस्तर खरवडून निघे. काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी पेशींचं खाद्यपाणी आधी कोमट करून, त्यातली हवा निघून जाऊ देऊन मगच त्या ते सोडू लागल्या. पिचकारी हातात घेताना मनात एवढंच म्हणत, "देवा, हात तेवढा हलू देऊ नकोस." आणि अस्तर धरलं! कुठे फट नाही, कुठे विरळ नाही.

साहेबांसमोर दोन चिपा शेजारी ठेवल्या. एकीत नुसता रंग, दुसरीत औषधासकट. सगळे वाकून बघू लागले. पहिलीची खालची वाट काचेसारखी नितळ राहिली. दुसरीच्या खालच्या वाटेत आधी धूसर छटा आली, मग चक्क निळी रेघ!

"गळलं!" काकू ओरडल्या. "मॅडम, गळलं हो!"

मॅडमनी त्यांना गच्च मिठी मारली. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग ते खुर्ची ओढून बसले.

"ससे नकोत म्हणून कळवतो," ते म्हणाले. "पुढचं औषध कधी लावताय?"

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "अस्तर तयार झालं की, साहेब. घाई केलेली पेशींना खपत नाही."