केटिलनं दिलेलं तेच पुस्तक

केटिलसारखा चिक्कू माणूस अख्ख्या हुसाविक गावात शोधून सापडला नसता. मासेमारीच्या बोटीवर जन्म गेला, चार पैसे गाठीला होते, तरी हा प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचा. मोजे रफू करून करून मूळ मोजा कुठला ते कळेनासं व्हायचं. भेटवस्तूंचा कागद इस्त्री करून पुढच्या नाताळला वापरायचा. बायकोनं, स्टेनव्योरनं, नव्या पडद्यांचा विषय काढला की तो जुन्याच पडद्यांना ठिगळ लावायला बसायचा.

पुस्तकांच्या दुकानात मात्र या गड्याचा हात आखडत नसे. नाताळच्या तोंडावर नवी पुस्तकं यायची. वसंतातल्या बाजारापर्यंत थांबलं तर तीच निम्म्या किमतीत मिळायची, पण हा थांबेल तर शपथ. "सगळ्यांनी वाचून झाल्यावर वाचायचं म्हणजे उष्टं खाणं," असं म्हणून पुठ्ठा बांधणीची पुस्तकं पुऱ्या किमतीला घ्यायचा. एक स्वतःला, एक स्टेनव्योरला नाताळची भेट म्हणून.

यंदा नाताळच्या संध्याकाळी जेवणं उरकल्यावर स्टेनव्योरनं आपलं पुस्तक उघडलं आणि ती बुचकळ्यातच पडली. दीपगृहावरच्या विधवेची गोष्ट. गेल्या वर्षी त्यानं हेच दिलं होतं. मेल्यानं जुनंच कागदात गुंडाळलं की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. तिनं हळूच कपाट पाहिलं. जुनी प्रत कॉफीच्या डागासकट जागेवर होती. हातातली कोरी करकरीत होती, वर दुकानाची बदलून घेण्याची चिठ्ठी चिकटवलेली. मग ही थट्टा होती का? केटिल तर आपल्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. की आपणच विसरतोय, गेल्या वर्षी दुसरंच काही मिळालं होतं? तिला स्वतःच्याच डोक्याची शंका यायला लागली.

"आवडलं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

ती हो म्हणाली.

नाताळ सरल्यावर निम्मं गाव पुस्तकं बदलायला जातं, तशी तीही गेली. दुकान तिच्या वर्गमैत्रिणीचं, आल्दिसचं. आल्दिसनं पुस्तक पाहिलं आणि गल्ल्याकडे न जाता ती खुर्चीत बसली.

"अगं, कसं सांगू तुला? गेल्या महिन्यात केटिल हे घेऊन गेला. दोन दिवसांनी परत हेच मागायला आला. मग परत. मी म्हटलं, संपलंय. चिडला नाही गं, मुकाट्यानं गेला. मला वाटलं, तुला माहीत असेल."

स्टेनव्योरला काहीच माहीत नव्हतं. बंदरावर बोटी बघायला जातोय, असं तो सांगायचा. घरातल्या पै-पैवर आपण त्याच्याशी भांडत राहिलो आणि एवढी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली, याचा तिला स्वतःचाच राग आला. मग भीती वाटली.

"दुसरं कुठलंही घे," आल्दिस म्हणाली.

तिनं फळ्यांवरून नजर फिरवली. दुसरं नेलं तर त्याला काय सांगायचं? हेच नेलं तर पुढं काय? शेवटी तिनं तेच पुस्तक पिशवीत टाकलं.

घरी पोचली तर केटिल दारातच उभा होता. "बदललंस?"

"नाही. वाचायचं होतं हे मला."

त्याचा चेहरा उजळला. "वाटलंच मला. गेल्या वर्षीच देणार होतो तुला, राहून गेलं."

आणि नव्या पुस्तकाला जागा करायला तो कपाटाकडे निघाला.

"थांब," स्टेनव्योर घाईनं पुढं झाली, "मी ठेवते."